सतरा दिवसांचा सोहळा आणि सहा हजारांचे नगर
इटलीतील कोर्तिनाने सत्तर वर्षांच्या अंतराने दोनदा हिवाळी ऑलिम्पिकचे यजमानपद भूषविले. या अनुभवातून हिमालयातील नगरांनाही बरेच शिकण्यासारखे आहे

इटलीच्या उत्तरेकडील डोलोमाइट पर्वतरांगेत वसलेल्या कोर्तिना दाम्पेत्सो या नगराची कायम लोकसंख्या सहा हजारांहूनही कमी आहे. ६ ते २२ फेब्रुवारी २०२६ या काळात झालेल्या हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धेच्या अधिकृत नावात मिलान या महानगराच्या जोडीने या छोट्या नगराचे नाव होते. महिलांचे आल्पाइन स्कीइंग, कर्लिंग, तसेच बॉबस्ले, ल्यूज आणि स्केलेटन या बर्फावरील घसरगाडीच्या शर्यती कोर्तिनात पार पडल्या. त्यानंतर ६ ते १५ मार्च या काळात झालेल्या हिवाळी पॅरालिम्पिकचा समारोपही याच नगरात झाला.

एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय सोहळ्याचे यजमानपद मिळणे ही कोणत्याही लहान नगराच्या दृष्टीने अभिमानाची बाब ठरते. तथापि पाहुणे परतल्यानंतर उभारलेल्या वास्तूंचे काय होते, त्यांच्या देखभालीचा खर्च कोणाच्या माथी येतो आणि नगरातील कुटुंबांना त्यापासून कोणता लाभ मिळतो, हे प्रश्न पदकतालिका विस्मरणात गेल्यानंतरही शिल्लक राहतात. कोर्तिनाला या प्रश्नांचा अनुभव दुसऱ्यांदा येत आहे. १९५६ सालीही हिवाळी ऑलिम्पिक याच नगरात भरले होते. त्यामुळे पहिल्या सोहळ्याचा जमाखर्च समोर ठेवून दुसऱ्याची पारख करण्याची दुर्मीळ संधी येथे उपलब्ध आहे.

सामाईक मालकीचे डोंगर

समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर, बोइते नदीच्या खोऱ्यात कोर्तिना वसले आहे. तोफाने, क्रिस्तालो, सोरापिस अशा उत्तुंग कड्यांनी हे खोरे वेढलेले आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. त्या युद्धात याच शिखरांवर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली आणि युद्धानंतर हा मुलूख इटलीत आला. येथील मूळ रहिवाशांची लादिन ही स्वतंत्र भाषा आहे. २००९ साली डोलोमाइट पर्वतांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत करण्यात आला.

या नगराचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. येथील वने आणि कुरणे यांचा फार मोठा भाग ‘रेगोले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्ययुगीन परंपरेच्या ग्रामसंस्थांच्या सामाईक मालकीचा आहे. मूळ कुटुंबांचे वारस या संस्थांचे सभासद असतात. ही जमीन विकता येत नाही, तसेच वारसांमध्ये वाटूनही घेता येत नाही. पर्यटनाच्या भरभराटीतही खोऱ्याच्या वरच्या अंगाची वने टिकून राहिली, त्यामागे ही व्यवस्था आहे. आम्पेत्सोच्या निसर्ग उद्यानाचे व्यवस्थापनही १९९० पासून याच ग्रामसंस्थांकडे आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब मांडण्याची सवय असलेल्या या समाजापुढे सतरा दिवसांच्या सोहळ्याचा हिशेब येऊन ठाकला होता.

१९५६ चा वारसा

कोर्तिनाला हिवाळी ऑलिम्पिकचे यजमानपद प्रथम मिळाले ते १९४४ सालासाठी. मात्र दुसऱ्या महायुद्धामुळे ती स्पर्धा होऊ शकली नाही. अखेर २६ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९५६ या काळात ३२ देशांचे ८२१ खेळाडू कोर्तिनात जमले. सुवर्णपदकांसाठीचे क्रीडाप्रकार केवळ २४ होते. सोव्हिएत संघाने हिवाळी ऑलिम्पिकमध्ये प्रथमच भाग घेतला आणि पदकतालिकेत पहिले स्थान मिळविले. ऑस्ट्रियाच्या टोनी सायलरने आल्पाइन स्कीइंगची तिन्ही सुवर्णपदके जिंकली. दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित झालेले हे पहिले हिवाळी ऑलिम्पिक होते. त्या प्रक्षेपणाने कोर्तिनाचे नाव युरोपच्या घराघरांत पोहोचविले आणि पुढील अनेक दशके धनिक पर्यटकांचा ओघ या खोऱ्याकडे वळला.

त्या वेळी उभारलेल्या वास्तूंचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्‌बोधक आहे. त्यासाठी बांधलेले बर्फ-क्रीडागार स्थानिकांच्या नित्य वापरात राहिले आणि २०२६ मध्ये आवश्यक त्या नूतनीकरणानंतर कर्लिंगच्या लढती तेथेच झाल्या. स्पीड स्केटिंगच्या शर्यतींसाठी जवळच्या मिसुरिना सरोवराच्या नैसर्गिक बर्फाचा उपयोग करण्यात आला होता; वसंत ऋतू येताच तो बर्फ वितळला आणि देखभालीचा कोणताही भार मागे उरला नाही. याउलट, स्की-उडीसाठी उभारलेला भव्य मनोरा पुढे वापराविना पडून राहिला. २०२६ च्या स्की-उडीच्या स्पर्धा कोर्तिनाऐवजी प्रेदात्सो येथे घ्याव्या लागल्या.

सर्वांत बोलके उदाहरण रेल्वेचे आहे. कालाल्त्सो ते दोब्बियाको या डोलोमाइट रेल्वेमार्गावर कोर्तिना हे स्थानक होते. १९५६ च्या स्पर्धेसाठी या मार्गाची सुधारणा करण्यात आली. तथापि मोटारींचा जमाना आला आणि १९६४ साली ही रेल्वे बंद पडली. आज त्या मार्गावर सायकलींचा रस्ता आहे. परिणामी, रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांना आजही अन्यत्र उतरून रस्त्यानेच कोर्तिना गाठावे लागते. ज्या सुविधेची नगराला सर्वाधिक गरज होती तीच काळाच्या ओघात नाहीशी झाली. क्वचित वापराचा मनोरा मात्र आजही टेकडीवर उभा आहे.

नगराहून मोठी झालेली स्पर्धा

१९५६ आणि २०२६ या दोन स्पर्धांच्या आकारमानातील फरक विलक्षण आहे. २४ क्रीडाप्रकारांच्या जागी आता ११६ क्रीडाप्रकार आहेत आणि खेळाडूंची संख्या सुमारे २,९०० वर पोहोचली आहे. त्यांच्यासोबत येणारे प्रशिक्षक, पंच, स्वयंसेवक, वार्ताहर, सुरक्षा कर्मचारी आणि प्रेक्षक यांची गणना केल्यास सहा हजारांच्या नगराने हा भार एकट्याने पेलणे अशक्य आहे, हे उघड होते.

यावर योजण्यात आलेला उपाय म्हणजे स्पर्धेची विभागणी. हा उपाय सर्वस्वी नवा नाही. १९९२ साली फ्रान्समधील आल्बेरव्हिल या लहान शहराच्या नावाने भरलेल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ५७ पैकी केवळ १८ क्रीडाप्रकार प्रत्यक्ष त्या शहरात झाले. उर्वरित आसपासच्या पर्वतीय गावांत पार पडले. २०२६ मध्ये ही कल्पना आणखी विस्तारली. पुरुषांचे आल्पाइन स्कीइंग बोर्मिओ येथे, बायॅथलॉन आंतरसेल्वा येथे, आइस हॉकी आणि स्केटिंग मिलानमध्ये अशी विभागणी करण्यात आली. उद्‌घाटन मिलानच्या सान सिरो क्रीडांगणावर, तर समारोप व्हेरोना येथील प्राचीन रोमन रंगमंडलात झाला.

विभागणीचा लाभ असा की, अस्तित्वात असलेल्या वास्तू वापरता येतात आणि कोणत्याही एका खोऱ्यावर संपूर्ण भार पडत नाही. तिची दुसरी बाजूही आहे. शेकडो किलोमीटर अंतरावरील ठिकाणे जोडण्यासाठी रस्ते रुंद करावे लागतात, सुरक्षेची व्यवस्था प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे उभारावी लागते आणि खेळाडूंना परस्परांच्या सहवासाचा जो आनंद एका क्रीडाग्रामात मिळतो त्याला मुकावे लागते.

या स्पर्धेचे यजमानपद इटलीकडे कसे आले, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. २०२६ च्या यजमानपदासाठी प्रारंभी अनेक पर्वतीय शहरे उत्सुक होती. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या परिसरातील मतदारांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये, स्वित्झर्लंडमधील व्हाले प्रांताच्या मतदारांनी जून २०१८ मध्ये आणि कॅनडातील कॅलगरीच्या नागरिकांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदानाद्वारे या प्रस्तावांना नकार दिला. इटलीत मात्र असे सार्वमत घेण्यात आले नाही. मूळ इटालियन प्रस्तावात मिलान व कोर्तिनासोबत तुरिनचेही नाव होते. मतभेदांमुळे २०१८ साली तुरिन बाहेर पडले. अखेर २४ जून २०१९ रोजी लोझान येथे झालेल्या मतदानात मिलान-कोर्तिनाने स्वीडनच्या स्टॉकहोम-ओरे या प्रस्तावाचा ४७ विरुद्ध ३४ मतांनी पराभव केला. बर्फाच्या खेळांची शतकभराची परंपरा असलेल्या पर्वतीय प्रदेशांतील मतदारच यजमानपद नाकारू लागले, ही गोष्ट आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला अंतर्मुख करणारी होती.

बॉबस्ले-मार्गाचा वाद

कोर्तिनातील सर्वाधिक वादग्रस्त प्रकल्प ठरला तो बॉबस्लेच्या मार्गाचा. येथे १९२३ पासून बॉबस्लेचा मार्ग होता. पुढे त्याला एउजेनिओ मोंती या थोर खेळाडूचे नाव देण्यात आले. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये ब्रिटिश जोडीच्या गाडीचा एक बोल्ट तुटला, तेव्हा मोंतीने आपल्या गाडीचा बोल्ट प्रतिस्पर्ध्यांना दिला. त्या जोडीने सुवर्णपदक जिंकले. मोंतीला तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. या खिलाडूवृत्तीबद्दल त्याला पिएर द कुबर्तँ पदकाने गौरविण्यात आले. चार वर्षांनी ग्रनोबल येथे त्याने दोन सुवर्णपदके मिळविली. त्याच्या नावाचा हा मार्ग मात्र वाढता खर्च न परवडल्याने २००८ साली बंद करण्यात आला.

नव्या स्पर्धेसाठी हा मार्ग पुन्हा उभारायचा की नाही, यावर बराच काळ खल झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने अस्तित्वात असलेला एखादा मार्ग वापरावा, तो परदेशात असला तरी हरकत नाही, अशी भूमिका घेतली होती. सीमेपलीकडे इन्सब्रुक आणि सेंट मोरित्झ येथे सुस्थितीतील मार्ग उपलब्ध होते. शिवाय इटलीचा ताजा अनुभवही कटू होता. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकसाठी चेझाना येथे दहा कोटी युरोंहून अधिक खर्चून बांधलेला मार्ग अवघ्या काही वर्षांत बंद पडला होता. जपानमध्येही १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या मार्गावर कृत्रिम बर्फ तयार करण्याचे काम खर्चाच्या कारणावरून २०१८ नंतर थांबविण्यात आले.

बॉबस्लेचा मार्ग इतका खर्चिक का असतो, हे समजून घेतल्यास हा वाद अधिक स्पष्ट होतो. सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीच्या काँक्रीटच्या वळणदार पन्हळीत शीतकरणाच्या नळ्यांचे जाळे बसवावे लागते. हवेतील उष्मा वाढला तरी बर्फाचा थर एकसारखा राहावा यासाठी शीतकरणाची यंत्रे सतत चालवावी लागतात. ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी वळणांची मापे काटेकोर असावी लागतात. आणि एवढे करून या खेळाचे नियमित खेळाडू कोणत्याही देशात मोजकेच असतात. तरणतलाव किंवा स्केटिंगचे क्रीडागार यांप्रमाणे सर्वसामान्य नागरिकांना त्याचा नित्य वापर करता येत नाही.

असे असूनही इटलीच्या सरकारने मार्ग देशातच उभारण्याचा निर्णय घेतला. २०२३ साली काढलेल्या निविदेला कोणीही प्रतिसाद दिला नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले, तेव्हा स्पर्धेला केवळ दोन वर्षे उरली होती. मार्गासाठी शेकडो लार्च वृक्ष तोडण्यात आले. पर्यावरणवाद्यांनी निषेध नोंदविला. एका नामांकित चेलोवादकाने तोड चालू असलेल्या जागी वादन करून वृक्षांना निरोप दिला. काम वेळेत पूर्ण न झाल्यास शर्यती अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे हलविण्याची पर्यायी योजनाही तयार ठेवावी लागली. मार्च २०२५ मध्ये पहिली चाचणी यशस्वी झाली आणि ती वेळ टळली. निविदेतील सुमारे आठ कोटी युरोंचा आकडा अखेरपर्यंत अकरा कोटींच्या पुढे गेला.

या निर्णयाच्या समर्थकांचा युक्तिवादही विचारात घ्यावा लागेल. बॉबस्ले हा कोर्तिनाच्या इतिहासाचा भाग आहे. आपल्या देशातील स्पर्धेची पदके परक्या भूमीवर देणे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. नव्या मार्गामुळे जागतिक मालिकेतील शर्यती दरवर्षी येथे होऊ शकतील, असे त्यांचे म्हणणे आहे. अभियंते आणि कामगार यांनी अल्पावधीत काम तडीस नेले, हे कौतुकास्पद आहे. परंतु येथे खरी कसोटी वेगाची नाही. दहा-पंधरा वर्षांनंतरही हा मार्ग वापरात असेल काय आणि त्याचे वीजबिल कोण भरत असेल, यावरच या निर्णयाचे यशापयश ठरेल. जुना मार्ग ज्या कारणाने बंद पडला, ते कारण अद्याप दूर झालेले नाही.

घरे, रस्ते आणि रज्जुमार्ग

क्रीडावास्तूंपेक्षाही नगरवासीयांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न घरांचा आहे. कोर्तिनातील घरांच्या किमती इटलीतील सर्वाधिक किमतींमध्ये गणल्या जातात. मिलान, रोम आणि परदेशांतील धनिकांनी घेतलेली घरे वर्षातील बहुतेक दिवस बंद असतात. हॉटेलांत काम करणारे कर्मचारी, शिक्षक आणि परिचारिका यांना नगरात भाड्याने घर मिळणे कठीण झाले आहे. गेल्या अर्धशतकात नगराची लोकसंख्या घटत गेली, त्यामागील एक प्रमुख कारण हेच आहे. ऑलिम्पिकसारखा सोहळा जमिनीचे भाव आणखी चढवितो. ज्याचे स्वतःचे घर आहे त्याला त्याचा लाभ होतो. ज्याचे नाही त्याला खोऱ्याखाली स्थलांतर करावे लागते.

क्रीडाग्रामाच्या बाबतीत कोर्तिनाने वेगळा मार्ग अवलंबिला. फियामेस या नगराबाहेरील सपाट जागी सुमारे ३७७ फिरत्या घरांचे तात्पुरते ग्राम वसविण्यात आले आणि तेथे सुमारे १,४०० जणांची सोय करण्यात आली. स्पर्धेनंतर ही घरे हलविता येतील, अशी ही योजना होती. खोऱ्यात कायमस्वरूपी काँक्रीटची भर पडली नाही, ही तिची जमेची बाजू. मात्र एवढा खर्च होऊनही स्थानिक तरुण कुटुंबांसाठी एकही कायम घर या ग्रामातून मिळाले नाही, अशी टीकाही करता येते. दोन्ही मतांत तथ्य आहे.

रस्त्यांविषयीही असेच म्हणता येईल. कोर्तिनाकडे जाणाऱ्या अरुंद राष्ट्रीय मार्गावरील गावांना बाह्यवळण रस्त्यांची आश्वासने २०२१ च्या जागतिक आल्पाइन स्कीइंग स्पर्धेच्या वेळेपासून दिली जात होती. ऑलिम्पिकच्या नावाने मंजूर झालेली रस्त्यांची अनेक कामे स्पर्धेनंतर पूर्ण होणार, असे नियोजनातच नमूद होते. प्रेक्षकांना स्कीइंगच्या उतारापर्यंत नेण्यासाठी सोक्रेपेस येथे रज्जुमार्गाची योजना आखण्यात आली. तो ज्या उतारावरून जातो तेथे भूस्खलनाचा धोका असल्याचा आक्षेप घेण्यात आला होता. स्पर्धा काही आठवड्यांवर आली तरी त्याचे काम अपुरेच होते.

भूस्खलनाची भीती या प्रदेशात पुस्तकी नाही. कोर्तिना ज्या बेल्लुनो जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील लोंगारोने हे गाव ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री वायोंत धरणाच्या जलाशयात डोंगरकडा कोसळून उसळलेल्या लाटेने पुसले गेले. त्या दुर्घटनेत सुमारे दोन हजार लोक मृत्युमुखी पडले. डोंगर अस्थिर असल्याच्या खुणा आधीच दिसू लागल्या होत्या. त्यांकडे दुर्लक्ष झाले. त्यामुळे या भागातील जुनी माणसे ‘काम वेळेत होईल’ या आश्वासनापेक्षा ‘डोंगर काय म्हणतो’ याकडे अधिक लक्ष देतात.

अन्य लहान नगरांचा अनुभव

छोट्या पर्वतनगरांना असा सोहळा झेपतच नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. नॉर्वेमधील लिलेहामर हे सुमारे पंचवीस हजार वस्तीचे नगर. तेथे फेब्रुवारी १९९४ मध्ये झालेले हिवाळी ऑलिम्पिक आजही आदर्श मानले जाते. हामार येथील स्केटिंगचे सभागृह पक्ष्यांच्या अधिवासाला बाधा पोहोचवील अशी तक्रार आल्यानंतर त्याच्या आराखड्यात बदल करण्यात आला. योविक येथे आइस हॉकीसाठी डोंगर पोखरून भूमिगत सभागृह तयार करण्यात आले. बावीस वर्षांनी, २०१६ मध्ये, युवा हिवाळी ऑलिम्पिकसाठी याच वास्तू पुन्हा वापरण्यात आल्या आणि खेळाडूंसाठी बांधलेली घरे नंतर विद्यार्थ्यांना देण्यात आली.

तरीही लिलेहामरचा जमाखर्च निर्दोष नव्हता. पर्यटनात मोठी वाढ होईल या भाकितावर विसंबून उभारलेली अनेक हॉटेले पुढे दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेतील लेक प्लॅसिड या खेड्यावजा नगराने १९३२ आणि १९८० अशी दोन हिवाळी ऑलिम्पिक भरविली. १९८० चे क्रीडाग्राम नंतर तुरुंग म्हणून वापरायचे, हे आधीच ठरलेले होते आणि तसेच झाले. ही कल्पना विचित्र वाटली तरी तिच्यात एक व्यवहारी शहाणपण होते. वास्तूचा दुसरा मालक ठरल्याशिवाय तिचा पाया खोदण्यात आला नव्हता.

या उदाहरणांतून एक सूत्र स्पष्ट होते. नगराला मुळातच जे हवे होते ते सोहळ्याच्या निमित्ताने मिळाले, तर सोहळा पचतो. सोहळ्याला जे हवे ते नगराच्या माथी मारले गेले, तर ऋण काढून सण साजरा केल्यासारखे होते. कोर्तिनाचे बर्फ-क्रीडागार पहिल्या प्रकारात मोडते. पॅरालिम्पिकच्या निमित्ताने तेथे दिव्यांगांसाठी झालेल्या सोयी नागरिकांना यापुढेही उपयोगी पडतील. बॉबस्लेचा मार्ग कोणत्या प्रकारात मोडतो, हे येणारी वर्षे सांगतील.

बर्फाची अनिश्चितता

या साऱ्या हिशेबावर हवामानबदलाचे सावट आहे. लेक प्लॅसिड येथे १९८० साली हिवाळी ऑलिम्पिकमध्ये प्रथमच कृत्रिम बर्फ वापरण्यात आला. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जवळजवळ संपूर्ण बर्फ कृत्रिम होता. पाणी आणि दाबाखालील हवा यंत्राद्वारे थंड वातावरणात फवारून हा बर्फ तयार होतो. त्यासाठी पाणी, वीज आणि पुरेशी थंडी या तिन्हींची गरज असते. ओढ्यांना पाणी सर्वांत कमी असते त्याच हिवाळ्यात ते उचलावे लागते आणि थंडीच नसेल तर यंत्रेही निरुपयोगी ठरतात.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच चढे राहिल्यास तोवरच्या २१ यजमान ठिकाणांपैकी या शतकाच्या अखेरीस केवळ एकच ठिकाण स्पर्धेसाठी भरवशाचे उरेल. याचा अर्थ असा की, आज उभारलेली हिमक्रीडेची वास्तू जितकी वर्षे टिकेल तितकी वर्षे बर्फ टिकेलच, असे गृहीत धरता येत नाही. २०३० च्या फ्रेंच आल्प्समधील हिवाळी ऑलिम्पिकसाठी १९९२ सालचा ला प्लान्य येथील बॉबस्ले-मार्गच पुन्हा वापरण्याचे ठरले असून स्पीड स्केटिंग देशाबाहेर घेण्याची योजना आहे. कोर्तिनात जो पर्याय नाकारण्यात आला, तोच पुढील यजमानांनी स्वीकारला आहे.

भारतीय संदर्भ

मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व काश्मीरचा आल्पाइन स्कीपटू आरिफ खान आणि लडाखचा क्रॉस-कंट्री स्कीपटू स्टॅनझिन लुंडुप यांनी केले. दोघेही हिमालयाच्या कुशीत वाढलेले. भारतातही हिमक्रीडांचा विस्तार होत आहे. २०२० पासून गुलमर्ग आणि लेह येथे खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा भरू लागल्या. त्यामुळे लहान पर्वतनगर आणि मोठी स्पर्धा यांचे नाते हा भारतीयांसाठी केवळ दूरचा विषय राहिलेला नाही.

आपल्याकडील अनुभवही उद्‌बोधक आहे. जानेवारी २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा उत्तराखंडमधील डेहराडून आणि औली येथे झाल्या. डेहराडूनमध्ये बांधलेले आइस स्केटिंगचे सभागृह त्यानंतर अनेक वर्षे बंद राहिले. नूतनीकरणानंतर २०२५ साली तेथे पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. चेझाना आणि नागानो यांच्या कहाणीशी ही कहाणी जुळते. बर्फाची अनिश्चितताही येथे जाणवू लागली आहे. पुरेशा हिमवृष्टीअभावी गुलमर्ग येथील २०२५ ची खेलो इंडिया स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये पुढे ढकलावी लागली.

औलीच्या पायथ्याशी असलेल्या जोशीमठची कहाणी त्याहून गंभीर आहे. हे नगर प्राचीन भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलेले असून तेथे अवजड बांधकामे टाळावीत, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ साली दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेकडो घरांना भेगा पडल्या, कुटुंबांना निवारा केंद्रांत हलवावे लागले आणि औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करण्यात आला. या नगराचे नाव २०२४ साली ज्योतिर्मठ करण्यात आले. जमिनीची नाजूक अवस्था मात्र नाव बदलल्याने बदलत नाही. हिमालय हा आल्प्सहून तरुण आणि अधिक अस्थिर पर्वत आहे. आल्प्समध्ये जी चूक खर्चिक ठरते ती येथे जीवघेणी ठरू शकते.

कोर्तिनाच्या ‘रेगोले’ संस्थांशी नाते सांगणारी वन पंचायतींची परंपरा उत्तराखंडमध्ये १९३१ पासून कायद्याने मान्य आहे. गावाच्या वनाविषयीचे निर्णय गावाने घ्यावेत, हे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. उद्या एखाद्या हिमालयीन नगराला मोठ्या स्पर्धेचे यजमानपद देण्याचा विचार झाला, तर प्रथम त्या पंचायतींचे मत घेणे, उताराची भूगर्भीय पाहणी जाहीर करणे आणि प्रत्येक वास्तूचा स्पर्धेनंतरचा वापर व देखभालीचा निधी आधीच निश्चित करणे, एवढ्या तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ काही साधेल.

समारोप

२०२६ च्या स्पर्धेत खेळाडूंनी केलेली कामगिरी क्रीडाइतिहासात नोंदली गेली आहे. कोर्तिनाच्या यशाची नोंद मात्र निराळ्या वहीत होईल. त्या वहीत शाळेच्या पटावरील मुलांची संख्या असेल, हॉटेलातील कर्मचाऱ्याला नगरात घर मिळाले की नाही याची नोंद असेल, बॉबस्ले-मार्गाचा वार्षिक खर्च असेल आणि बोइते नदीतील हिवाळ्यातील पाण्याची पातळी असेल. १९५६ नंतरच्या अशा वहीत क्रीडागार जमेच्या बाजूला लिहिले गेले आणि बंद पडलेली रेल्वे खर्चाच्या. या वेळचा ताळेबंद पूर्ण होण्यास काही वर्षे लागतील आणि तो मांडण्याचा पहिला अधिकार त्या खोऱ्यात बाराही महिने राहणाऱ्या सहा हजारांचा असेल.